जुनी फोर बाय फोर जीप साठच्या पुढे थरथरते? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

लालबागहून दादरला जाताना जीप एकदम गुणी असते. सिग्नल, बस, टॅक्सी, परत सिग्नल. काटा चाळीसच्या वर जातच नाही. मग एखाद्या रविवारी पहाटे तीच जीप ईस्टर्न फ्रीवेवर चढते, काटा साठला टेकतो आणि सीटखालून थरथर सुरू होते. आरशातली मागची गाडी धूसर दिसते, गिअरचा दांडा एकटाच बडबडतो. पन्नासवर आलात की सगळं गायब.

सोमवारी गाडी गॅरेजला जाते. एक जण म्हणतो टायर, दुसरा म्हणतो क्लच, तिसरा थेट क्राऊन-पिनियन काढायला निघतो. दर वेळी एक पार्ट बदलतो, बिल होतं आणि थरथर तशीच राहते.

विषय फक्त पैशांचा असता तर ठीक होतं. पण ही थरथर कधी कधी प्रोपेलर शाफ्टचा जोड सुटायला आल्याची खूण असते. वेगात असताना शाफ्टचं पुढचं टोक निसटलं तर ते रस्त्यावर आदळतं. गणपतीला सहा माणसं आणि सामान भरून गावाला निघण्याआधी हे कळलेलं बरं.

चांगली गोष्ट अशी की थरथरीला स्वतःचा एक नमुना असतो. ती कधी येते, कधी जाते, कशाने वाढते एवढं नीट पाहिलं तर अर्धा शोध पाना हातात न घेता लागतो.

आधी थोडी ओळख: ही गाडी बनली कशी?

या जीपचं आणि लालबाग-परळचं नातं जुनं आहे. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने कंपनी सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इकडे कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी सुरू झाली ती माझगावात, म्हणजे लालबागपासून हाकेच्या अंतरावर.

पुढे बरीच मॉडेलं आली, पण सांगाडा बराच काळ तोच राहिला. पुढे-मागे अखंड अॅक्सल, पाट्यांच्या स्प्रिंग आणि मध्ये ट्रान्सफर केस. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचाही ढाचा असाच.

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. तिथून ट्रान्सफर केसमध्ये. ट्रान्सफर केस ती मागच्या चाकांना देतं आणि फोर-व्हील लावलं की पुढच्यांनाही. ट्रान्सफर केसपासून अॅक्सलपर्यंत जाणारी लांब नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तिच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो, ज्याला गॅरेजमध्ये सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. अॅक्सलवर डिफरन्शियल असतं आणि त्यात क्राऊन-पिनियन. या सगळ्या साखळीला ड्राइव्हलाइन म्हणतात.

साध्या गाडीत एक प्रोपेलर शाफ्ट असतो किंवा नसतोही. इथे दोन असतात. जिप्सीत तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे असल्यामुळे त्यांच्यामध्ये आणखी एक छोटा शाफ्ट येतो. जितके फिरणारे भाग, तितक्या संशयाच्या जागा.

थरथर मोजून ओळखता येते का?

येते, आणि गणित शाळेतलंच आहे.

टायरचा परीघ साधारण २.२ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४५० वेळा, सेकंदाला ७ ते ८ वेळा फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर समजा ५ आहे. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट पाच वेळा फिरतो. तेव्हा त्याच वेगाला शाफ्ट सेकंदाला सुमारे ३८ फेरे मारतो.

यातून पहिला फरक कळतो. चाकाचा दोष असेल तर धक्के सावकाश येतात, जवळजवळ मोजता येतील असे. अंग हलतं, स्टिअरिंग डावी-उजवीकडे नाचतं. शाफ्टचा दोष असेल तर धक्के मोजता येत नाहीत. पत्रा गुणगुणतो, पायाखाली मुंग्या आल्यासारखं वाटतं.

मोबाइलमध्येही कंप मोजणारा सेन्सर असतो. फायफॉक्ससारख्या मोफत अॅपमध्ये कंपांची वारंवारता दिसते. फोन फरशीवर घट्ट चिकटवा, वेग स्थिर ठेवा आणि आकडा शेजारी बसलेल्या माणसाला वाचू द्या. आकडा ७-८ जवळ आला तर चाक, ३८ जवळ आला तर शाफ्ट. तुमच्या गाडीचं गुणोत्तर आणि टायर वेगळे असतील तर आकडे बदलतील, हिशोब तोच.

आणि आकडा ७६ जवळ आला तर? हे शाफ्टच्या फेऱ्यांच्या बरोबर दुप्पट आहे आणि बोट थेट क्रॉसच्या कोनाकडे जातं.

क्रॉस दुप्पट का थरथरवतो?

क्रॉसमुळे शाफ्ट कोनात वळलेला असतानाही फिरू शकतो. पण त्याची एक खोड आहे. जोड कोनात असला की पुढच्या बाजूचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन जितका मोठा, तितका हा चढउतार जास्त.

यावर जुना उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा क्रॉस. पहिल्याने केलेला चढउतार दुसरा उलटा करून मिटवतो. पण दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे कान, एका रेषेत हवेत.

दुसरी अट बऱ्याचदा गॅरेजमध्येच मोडते. शाफ्ट दोन भागांचा असतो. ते एकमेकांत सरकतात, तिथे दाते असतात. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला की शाफ्टही निघतो. परत लावताना दाते एक-दोन घर पुढे-मागे बसले की योकची रेष चुकते. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा: ही थरथर कुठल्या कामानंतर सुरू झाली? उत्तर ‘क्लच केल्यापासून’ असं असेल तर आधी शाफ्टवरच्या खुणा बघा. बऱ्याच शाफ्टांच्या दोन्ही भागांवर बाण असतात आणि ते समोरासमोर यायला हवेत. नवा पार्ट लागत नाही, फक्त शाफ्ट काढून नीट बसवायचा.

रस्त्यावर करायच्या चार चाचण्या

मोकळा सपाट रस्ता, पहाटेची वेळ, वेगमर्यादेच्या आत आणि सोबत नोंद करणारा एक माणूस. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही.

१. उभ्या गाडीत रेस द्या. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवा. उभ्या गाडीतही तीच थरथर आली तर दोष इंजिन, त्याचे रबरी माउंटिंग किंवा क्लचच्या बाजूला आहे. शाफ्टला दोष देऊ नका, तो फिरतच नाहीये.

२. थरथरीच्या वेगाला क्लच दाबा. इंजिन आयडलवर येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर ती रस्त्याच्या वेगाने फिरणाऱ्या भागांची, म्हणजे चाक, शाफ्ट किंवा अॅक्सलची. गायब झाली तर इंजिनाची बाजू किंवा ताकद पडल्यावरच जागा होणारा दोष. चालत्या गाडीत इंजिन बंद मात्र कधीच करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते.

३. तोच वेग, वेगळा गिअर. साठला टॉप गिअरमध्ये थरथरत असेल तर एक गिअर खाली घेऊन पुन्हा साठवर या. थरथर बदलली नाही तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे आहे. बदलली तर गिअरबॉक्सच्या आधी.

४. अॅक्सिलरेटर दाबून आणि सोडून. फक्त जोर दिल्यावर थरथर वाढते का? मग क्रॉसचा कोन, सैल यू-बोल्ट किंवा बसलेले पाटे. जोर दिल्यावर अॅक्सल थोडा वळतो आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं. फक्त अॅक्सिलरेटर सोडल्यावर घरघर येते का? मग पिनियनच्या बेअरिंगकडे बघा.

एक अपवाद लक्षात ठेवा. खड्डा लागला आणि त्यानंतर स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं जोरात हलायला लागलं तर ती ड्राइव्हलाइनची थरथर नाही. किंगपिन, टाय रॉड एंड, पुढचे पाटे यांच्यातला ढिलेपणा आहे. हळूहळू वेग कमी करा, गाडी थांबवा आणि दुरुस्तीशिवाय पुढे नेऊ नका.

गाडीखाली जाण्याआधी हे वाचा

अनेक जुन्या जीपांमध्ये हँडब्रेक चाकांवर लागत नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर लागतो. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही जीवावर बेतू शकतात.

एक, मागचं एकच चाक जॅकने उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. डिफरन्शियल हवेतल्या चाकाला उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक पुढे जातं. दोन, मागचा शाफ्ट काढला किंवा तुटला की हँडब्रेक आणि मागची चाकं यांचा संबंधच संपतो. गिअरमध्ये ठेवूनही ती चाकं थांबत नाहीत.

म्हणून सपाट जागा, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड आणि गाडी लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

उभ्या गाडीत काय बघायचं?

स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करा.

टायर आणि डिस्क. हवा, फुगवटा, वाकलेली डिस्क, पडलेलं बॅलन्सिंगचं वजन. चाकाच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखलही गाडी थरथरवतो, पाण्याचा जोरदार फवारा मारून पुन्हा चालवून बघा. गाडी चाळीखाली आठवडाभर उभी असेल तर टायर खालून चपटा होतो, नायलॉनच्या टायरमध्ये जास्तच. ही थरथर काही किलोमीटरनंतर टायर तापले की कमी होते. शंका राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा. स्टिअरिंगमधली थरथर सीटमध्ये आली तर चोर सापडला.

क्रॉस. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने त्याच्या शेजारचा फ्लँज धरा, उलट दिशांना पिळा, मग वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये जराही खेळ जाणवला तर तो गेला. पूर्ण शाफ्ट फ्लँजसकट थोडा फिरतो, तो डिफरन्शियलच्या दात्यांमधला खेळ असतो आणि थोडा असणं नॉर्मल आहे. हे दोन खेळ एक समजून बरेच जण फसतात. क्रॉसच्या वाट्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुयांसारख्या रोलरांना गंज लागला आहे. हळू चालताना चाकाच्या तालावर ‘चूं चूं’ आणि पुढे-मागे घेताना ‘ठक्क’ या त्याच दोषाच्या आधीच्या पायऱ्या.

शाफ्टची नळी. पोचा, वाक किंवा आयताकृती कोरी जागा शोधा. तशी जागा दिसली तर तिथलं बॅलन्सचं वजन पडलेलं असू शकतं. टायरवाल्याच्या मशीनवर शाफ्ट बॅलन्स होत नाही, त्यासाठी शाफ्टचंच काम करणारी वर्कशॉप लागते.

माउंटिंग आणि पिनियन. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखालचे रबर फाटले आहेत का? जिप्सीत ट्रान्सफर केस या रबरांवरच टांगलेलं असतं, त्यामुळे तिथे हे आधी बघा. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलत असेल किंवा तिथून ऑइल गळत असेल तर बेअरिंग तपासावं लागेल.

पुढचा शाफ्ट की मागचा?

इथे फोर बाय फोर असण्याचा फायदा होतो. टू-व्हीलमध्ये चालवतानाही पुढचा शाफ्ट फिरत असतो, कारण पुढची चाकं त्याला फिरवतात. तुमच्या पुढच्या चाकांवर लॉक आणि फ्री करायचे हब असतील तर ते फ्री करा, शाफ्ट थांबेल. त्याच वेगाला पुन्हा चालवा. थरथर गेली तर दोष पुढे.

हब नसतील तर मेकॅनिककडून पुढचा शाफ्ट काढून घ्या आणि टू-व्हीलमध्ये फेरी मारा. गाडीला त्याने काही होत नाही. काढण्याआधी दोन्ही टोकांवर आणि फ्लँजवर रंगाची खूण करा, म्हणजे परत तसाच बसेल. मागचा शाफ्ट काढून फोर-व्हीलमध्ये चालवण्याचा प्रयोग मात्र स्वतः करू नका. हँडब्रेकचं वर सांगितलंच आहे, शिवाय काही गाड्यांत शाफ्ट निघाला की ट्रान्सफर केसचं ऑइल बाहेर येतं.

हिंदमाताचं पाणी आणि विसरलेला दांडा

मुंबईतल्या गाड्यांचे दोन दोष पावसाळ्याचे आहेत.

हिंदमाताला पाणी भरलं की जीपवाला मागे हटत नाही. पण क्रॉस पाण्यात बुडाले की ग्रीस धुऊन जातं आणि गंज सुरू होतो. त्रास लगेच होत नाही. पाऊस संपल्यावर, कधी दिवाळीच्या आसपास, थरथर जाणवते आणि पाण्याची आठवण कोणाला नसते. पाण्यातून गाडी काढली की क्रॉसच्या आणि शाफ्टच्या निपलमधून नवं ग्रीस भरून घ्या, जुनं पाणी बाहेर येईपर्यंत. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलं आहे, ते बदलायचं.

दुसरा दोष म्हणजे पाण्यासाठी लावलेलं फोर-व्हील काढायला विसरणं. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाकं घसरून हा फरक मिटतो, कोरड्या डांबरावर मिटत नाही. मग ड्राइव्हलाइनमध्ये ताण साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के देत वळते. हे फार काळ चाललं तर ट्रान्सफर केस खराब होतं. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर फोर-व्हीलमध्ये सरळ रस्त्यावरही हेच होतं.

गाडी उंच केल्यापासून थरथरते?

जाड पाटे किंवा लांब शॅकल लावून गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो आणि दोन टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. फोनमधल्या लेव्हल अॅपने ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज यांचा कल मोजा, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेल्या शाफ्टमध्ये हे दोन कल जवळपास समांतर हवेत. नसतील तर पाटे आणि अॅक्सलमध्ये योग्य कोनाची पाचर बसवून घ्यावी लागते. अशा वेळी कितीही नवे क्रॉस टाकले तरी ते पुन्हा लवकर जातात.

मेकॅनिकला काय सांगायचं?

‘गाडी थरथरते’ एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून न्या: किती वेगाला सुरू होते, किती वेगाला थांबते. स्टिअरिंगमध्ये की सीटखाली. क्लच दाबल्यावर राहते की जाते. जोर दिल्यावर वाढते का. कोणत्या कामानंतर किंवा कोणत्या पाण्यानंतर सुरू झाली. चांगल्या मेकॅनिकला एवढं पुरतं. आणि जो हे न वाचता थेट क्राऊन-पिनियन उघडायला निघतो, त्याला निदान एक प्रश्न विचारता येतो: ‘दादा, आधी क्रॉस बघितला का?’

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी फिटनेस तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे आजोबांची किंवा काकांची जीप अजून रस्त्यावर असेल तर ती कागदावर आणि खाली, दोन्हीकडे धडधाकट हवी. क्रॉसमध्ये खेळ असेल, वाटीभोवती तांबूस भुकटी असेल किंवा थरथर दिवसागणिक वाढत असेल, तर तो क्रॉस बदलेपर्यंत गाडी फ्रीवेवर नेऊ नका आणि गावाला तर नकोच. लालबाग ते दादर चाळीसच्या वेगाने ती कदाचित तक्रार करणार नाही. पण जोड मात्र त्या वेगातही झिजतच असतो.